एका मीटरवर दोन चुली

मंगळवार, ७ जानेवारी

रहिमो,

सलाम. दोरीनं खाली सोडलेल्या टोपलीत पत्र बघून हुरळून जाऊ नकोस. मी समेट करायला लिहीत नाही. आपलं भांडण जिथं होतं तिथं सुखरूप आहे, मी त्याला हातही लावलेला नाही. पण काल अंगणात उभं राहून तू मांजराला जे सांगितलंस ते मला वर ऐकू आलं. मला ऐकू यावं म्हणूनच सांगितलंस, हे मांजरालाही कळलं असेल.

"मुश्शू, ह्या महिन्याचं पाण्याचं बिल बघितलंस का रे? आता पुरे झालं. घराचा माझा हिस्सा त्या फ्रेंच बाईला देऊन टाकते आणि लेकाकडे, मुनीरकडे अँटवर्पला जाते. ती इथं पाहुण्यांच्या खोल्या काढणार आहे, अंगणात कारंजं बसवणार आहे. वरच्यांनी बसावं मग कारंज्यात पाय सोडून."

तर वरच्यांचं म्हणणं ऐक. वाढलेल्या बिलात माझा काही हात नाही. मी एकटा म्हातारा शिंपी, मला पाणी लागतं किती? नमाजाआधीचे हातपाय, सकाळसंध्याकाळचा चहा आणि पातेलंभर भाजी. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो, भांडी दोन-तीनच पडतात. तू मात्र रोज सकाळी अंगण असं धुतेस, की लाराशच्या बंदरातल्या बोटी आपल्या अंगणात लागतील.

घर विकायची घाई करू नकोस. मुनीरच्या घरात तुला एक खिडकी मिळेल, आणि तिच्यातून समोरच्याची खिडकी दिसेल. मागच्या खेपेला तिथून परत आलीस तेव्हा मुश्शूला तूच हे सांगत होतीस.

बिल टोपलीत घालून वर पाठव. तू चष्मा लावत नाहीस, त्यामुळे अर्धं बिल तू मनानंच वाचलेलं असणार.

अब्सलाम (वरचा)


गुरुवार, ९ जानेवारी

रहिमो,

बिल पोचलं. सोबत कांदे का पाठवलेस ते कळलं नाही. कांदे चांगले होते.

जुनं पाणीखातं होतं तेव्हा बरं चाललं होतं बघ. तीन महिन्यांनी सी तुहामी मीटर बघायला यायचा. मीटर जिन्याखालच्या अंधारात, वाकायला त्याची कंबर दुखायची, म्हणून तो चहा घ्यायचा, घरातली माणसं बघायचा आणि अंदाजानं आकडा लिहायचा. तुझ्या लेकीला, गिझलानला गोवर आला होता त्या वेळी त्यानं आकडा कमी लिहिला होता, आठवतं? आजारी पोर अंघोळ करत नाही, म्हणाला.

आता नवी कंपनी आली. बिल दर महिन्याला, रंगीत, आणि कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब काढलाय. तो थेंब हसतोय. का हसतोय ते खालचा आकडा वाचल्यावर कळतं.

पहिल्या ओळीत पाणी. दुसऱ्या ओळीत मलनिस्सारण आकार. म्हणजे पाणी घरात येतं त्याचे पैसे आणि घरातून जातं त्याचेही पैसे. येणाऱ्याकडून घ्यावेत हे समजू शकतो, पण जाणाऱ्याला तरी सुखानं जाऊ द्यावं. तिसऱ्या ओळीत स्थिर आकार, तो पाणी आलं नाही आणि गेलं नाही तरी द्यायचा. ह्या सगळ्यावर कर. आणि सगळ्यात वर आपल्या बांचं नाव! 'प्रिय ग्राहक हाजी तय्यब, आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे.' बा जाऊन गिझलानच्या वयाइतकी वर्षं होत आली. हयातीत त्यांच्याशी इतक्या अदबीनं कुणी बोललं नव्हतं, आई तर नाहीच.

मी सोमवारी कंपनीच्या कचेरीत जातो. तोपर्यंत त्या फ्रेंच बाईच्या दलालाला घरात घेऊ नकोस.

अब्सलाम


सोमवार, १३ जानेवारी

रहिमो,

जाऊन आलो. कचेरी सगळी काचेची आहे. आत शिरताना माझं नाक आपटलं, पण ते कुणी पाहिलं नाही. आत एक यंत्र चिठ्ठी देतं, मग तुमचा आकडा पुकारला जाईपर्यंत बसायचं. माझ्या शेजारी कोपऱ्यावरचा कॉफीवाला लायाशी बसला होता. त्याच्या दुकानाचं बिल बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

खिडकीत एक पोरगी होती, फार गोड बोलणारी.

"हाजी तय्यब स्वतः का नाही आले?"

"त्यांना येणं जमण्यासारखं नाही."

"आजारी आहेत का?"

"आता नाहीत."

"मग पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा, हाजी. ग्राहक ते आहेत."

"पोरी," मी म्हटलं, "पुढच्या वेळी मीच त्यांच्याकडे जाण्याचा संभव जास्त आहे."

तेव्हा तिला उमगलं. बिचारी उठून उभी राहिली, दुवा म्हणाली आणि बांच्या नावापुढे काहीतरी खूण केली. बिलावरून नाव काढायला मात्र अजून कागद लागतील म्हणे.

मग मी मलनिस्सारणाचा मुद्दा काढला. मी पुदिन्याच्या कुंड्यांना पाणी घालतो ते गटारात जात नाही, चहा पितो तोही गटारात जात नाही, मग तेवढं पाणी वजा करा. तिनं क्षणभर विचार केला आणि हळूच विचारलं, "हाजी, प्यालेला चहा शेवटी कुठे जातो?" लायाशी एवढ्या मोठ्यानं हसला की रखवालदार आत आला. हा आठवडा मी त्याच्याकडे कॉफीला जाणार नाही.

आता कामाचं ऐक. पाण्याच्या दराला टप्पे आहेत. थोडं वापरलं तर स्वस्त. रेघ ओलांडली की सगळंच पाणी वरच्या दरानं, आणि सांडपाणीही त्याच्यामागून वर चढतं. आपली दोन घरं एका मीटरवर, म्हणून दर महिन्याला रेघेच्या पलीकडे. पण एका मीटरवर दोन कुटुंबं आहेत असं सिद्ध केलं तर दोघांना दोन रेघा मिळतात आणि बिल जवळपास निम्म्यावर येतं. त्यासाठी कंपनीचा माणूस घर बघायला येतो. वर भाडेकरू असेल तर प्रश्नच नाही, लगेच दोन कुटुंबं लिहितात. नातेवाईक असतील तर मात्र चूल वेगळी आहे हे दाखवावं लागतं.

आणि आपल्या दोन चुली असल्याचं अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आपल्या भांडणाचा पहिल्यांदाच काही उपयोग होतोय. बिल निम्मं झालं तर तू राहशील ना? मांजराला विचारून सांग.

अब्सलाम


बुधवार, १५ जानेवारी

रहिमो,

तुझं उत्तर ऐकलं. "मुश्शू, वरच्यांना सांग, बिल निम्मं झालं तर दलालाला नाही म्हणेन. पण मी कुणापुढे खोटं बोलणार नाही." हे सांगून झाल्यावर अंगणात दोन बादल्या पाणी ओतलंस, तेही ऐकलं.

खोटं? कसलं खोटं गं? मी काय नवीन बोलायला सांगतोय? जे तू एकदा सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून बसलीस तेच पुन्हा बोलायचं आहे.

तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. गिझलानला बघायला तेतुआनचे लोक आले होते. अंगणात तिची होणारी सासू हाजी बतूल बसल्या होत्या, हातमोजे घालून. आणि तुझ्या मोरीचं पाणी तुंबून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. पाहुण्यांसमोर बहिणीची शोभा होईल म्हणून मी, थोरला भाऊ, वरून धावत खाली आलो. विजार फाटकी होती, कबूल. हातात गटारात घालायची सळई होती, तीही कबूल. झाकण उघडलं तेव्हा वास आला, पण तो माझा नव्हता. हाजी बतूलनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे कोण?" आणि तू काय म्हणालीस?

"वरचे भाडेकरू. जरा विचित्र आहेत, पण तसा त्रास नाही."

लहानपणापासून तू मला अझीझी म्हणायचीस, सगळ्या घरांतून थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्या दिवशी मी भाडेकरू झालो. आणि एकदा भाडेकरू झाल्यावर लग्नात सख्खा मामा म्हणून कुठल्या तोंडानं बसणार? नवरीचा पायघोळ जेलाबा मी शिवला. त्याच्या काठाची वेणी घालताना माझी बोटं सोलली होती. आणि लग्नाच्या दिवशी मी वर बसून खालचे ढोल ऐकले. तू बोलवायला आली नाहीस, मीही उतरलो नाही. गिझलानचा मुलगा आता शाळेत जातो. त्याला मी कोण वाटतो, देव जाणे.

असो. तेव्हा तो शब्द फुकट खर्च केलास, आता त्याचा मोबदला मिळतोय तर घे. शुक्रवारी टोपलीतून तुझं कुसकुस वर येतं ते मी ह्यात धरत नाही. ती रीत आहे, समेट नाही.

अब्सलाम


रविवार, ९ फेब्रुवारी

रहिमो,

अर्ज स्वीकारला. ह्या महिन्यात माणूस येईल. तू अजूनही "बघू" म्हणते आहेस, तरी मी तयारीला लागलो आहे. भाडेकरू म्हणायला तुझी जीभ अडखळलीच तर निदान चूल तरी हाताशी असावी.

एक छोटी अडचण आहे. मी स्वयंपाक स्वतः करतो असं मागं लिहिलं होतं. करतो म्हणजे चहा करतो. हिवाळ्यात कधीतरी अंडं. दुपारी लायाशीकडे पावट्याची आमटी खातो. शुक्रवारचं तुला माहीतच आहे. तुझी वहिनी फतूम गेल्यापासून शेगडीवर दोऱ्याची रिळं ठेवली आहेत आणि भट्टीत बटणं आहेत, रंगवार लावलेली. काल सगळं काढून शेगडी घासली. खाली तिचा एक केसाचा चाप सापडला. तो मी खिशात ठेवला.

तर मला कुसकुस वाफवायचं भांडं पाहिजे, वरची चाळणी आणि खालचं पातेलं दोन्ही. वेगळी चूल दाखवायला तुझंच भांडं मागतोय ह्यावर मुश्शूशी काही बोलू नकोस. गाजरं, भोपळा आणि सलगम मी आणीन. सलगम नको, मला आवडत नाही.

शिवाय कृती लिहून पाठव.

अब्सलाम


गुरुवार, २० फेब्रुवारी

रहिमो,

माणूस उद्या सकाळी येतोय. भांडं मिळालं. कृतीऐवजी तू अंगणातून ओरडलीस, "मुश्शू, त्याला सांग, वाफ बाहेर जाऊ देऊ नकोस म्हणावं, बाकी अल्ला बघेल." मी शिंपी आहे, माझ्याकडून वाफ जाणार नाही. चाळणी आणि पातेल्याच्या मधल्या फटीसाठी मी कापडाची पट्टी शिवली आहे, दुहेरी टीप घालून.

उद्यासाठी सूचना. टोपली वर पाठवू नकोस, तिच्यावर नजर गेली तर सगळं मुसळ केरात. मला हाक मारू नकोस. मांजराशी बोलू नकोस, तो माणूस शहरातला आहे, भलतंच समजेल. आणि त्यानं विचारलं, वर कोण, की म्हणायचं, भाडेकरू. एवढं एक तोंडातून काढ, मग जन्मभर वाटेल ते बोल.

मला तू जायला नको आहेस, म्हणून हा सगळा खटाटोप. हे वाचून झालं की फाडून टाक.

अब्सलाम


शनिवार, २२ फेब्रुवारी

रहिमो,

काल जे झालं ते तू पाहिलंस, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं काय झालं ते मी लिहून ठेवतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, इतका मी तुझ्यावर चिडलो आहे.

कंपनीचा तो नौफल सकाळी यायचा होता तो दुपार होत आली तेव्हा आला. गल्लीतल्या घरोघरी त्याला चहा पाजला होता. सगळ्या गल्लीचा चहा पोटात घेऊन पोरगं वर आलं आणि सलाम केल्यावर पहिल्यांदा मोरी कुठे ते विचारलं. तेही पाणी आपल्याच मीटरवर गेलं, आणि त्याच्यामागून मलनिस्सारणही.

मग त्यानं टॅब काढला. पोरगा सभ्य होता. शेगडी बघितली, रिकामी भट्टी बघितली, मसाल्याच्या बाटल्या बघितल्या. त्यांतल्या दोन बाटल्यांत अजून मणी होते, पण त्याला वाटलं मिरी. तेवढ्यात जळका वास यायला लागला.

"हाजी, काहीतरी लागतंय का?"

"रोज असंच असतं," मी म्हणालो. "चूल वेगळी असली की असंच व्हायचं."

खरं काय झालं ते तुला सांगतो. पट्टी उत्तम बसली होती, वाफेचा कणही बाहेर गेला नाही. कारण वाफच नव्हती. बिलाचा विचार करून मी पातेल्यात पाणी बेताचं घातलं होतं. ते कधीच आटलं होतं, आणि तुझ्या पातेल्याच्या तळाला गाजरं अशी चिकटली आहेत की ती आता पातेल्याचाच भाग झाली. नवीन घेऊन देतो.

पण त्या धुरात त्यानं टॅबवर खूण केली, 'वेगळी चूल: आहे.' मी माझ्या डोळ्यांनी बघितली. रहिमो, आपण जिंकलो होतो! फक्त खाली तुझा जबाब घ्यायचा राहिला होता. तो खाली गेला आणि मी वरून अंगणात उघडणाऱ्या भोकाशी कान लावून बसलो.

"बाई, फक्त दोन प्रश्न."

"आधी जेव, मग विचार."

"मी कामावर आहे बाई, चालत नाही आम्हाला."

"शुक्रवारी ह्या वेळेला दारात आलेला माणूस उपाशी गेला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. बस."

त्यानं पुन्हा एकदा नाही म्हणून पाहिलं. आईचा जुना थाळा फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला आणि तो बसला. इथपर्यंतही काही बिघडलं नव्हतं. पण पाहुण्याला एकट्यानं थाळ्यात हात घालायला लावतात का? घरातल्या पुरुषानं सोबत बसायला नको? हे तुला आठवलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी वर मलाही आठवलं. मी देवाला म्हणालो, आज ही रीत विसरू दे हिला.

"अझीझी!"

मी हललो नाही. भाडेकरूला अझीझी म्हणत नाहीत.

"अझीझी, कान गेले का तुझे? निवतंय सगळं! पाहुणा खोळंबलाय!"

एवढ्या वर्षांनी मांजराला मध्ये न घालता हाक मारलीस, तीही नेमकी काल. माझे पाय जिन्यावरून कधी उतरले ते मला कळलं नाही. तरी मी शेवटचा प्रयत्न केला. दारात उभा राहून अदबीनं म्हणालो, "आभारी आहे बाई. भाडेकरूची आठवण ठेवलीत."

"गप बस आणि हात धू," तू म्हणालीस. "नळ बारीक सोड."

मग तुझ्या हातानं सगळं सांगितलं. थाळा फिरवलास, भोपळा आणि मनुका-कांदा माझ्या बाजूला आणलास. माझ्या बाजूचं सलगम न विचारता उचलून आपल्याकडे घेतलंस. मटणाची नळी माझ्यापुढे सारलीस. तो पोरगा चमचा हातात धरून बघत राहिला.

"ह्यांना सलगम चालत नाही वाटतं?"

"लहानपणापासून नाही," तू म्हणालीस. "आईनं किती बदडलं, पण नाही."

मी तुझा पाय दाबला. तू माझा पाय दाबलास, जोरात. आणि इथं मला त्या पोराचं कौतुक वाटतं. त्याला सगळं कळलं होतं, तरी त्यानं आपल्याला वाट करून दिली. टॅब पुसून म्हणाला, "बाई, मला एकच रकाना भरायचाय. वरचे हे तुमचे कोण? भाडेकरू असतील तर तसं सांगा, मी लिहितो, माझं काम झालं. बाकी मी काही बघितलं नाही."

अजून काय पाहिजे होतं! तो शब्द त्यानं भरवल्यासारखा तुझ्या ओठांशी आणून ठेवला होता. तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या नाकाला काजळी लागली होती, ती तू ओढणीच्या टोकानं पुसलीस.

"भाऊ आहे माझा," तू म्हणालीस. "थोरला. लिही. आणि चूल एकच आहे. वरची आजच पेटली, काय झालं ते तू बघितलंसच."

त्यानं ती खूण पुसली. मग आणखी कुसकुस घेतलं. जाताना तू त्याला डबा दिलास. बिल कमी न करता गेलेल्या माणसाला डबा देणारी लाराशमधली तू पहिली बाई असशील.

तुला व्यवहार कधी कळला नाही, रहिमो. फुकटात होतं तेव्हा मला भाडेकरू म्हणालीस, आणि त्या शब्दाचा पैसा होत होता तेव्हा भाऊ म्हणालीस. आता बिल जसंच्या तसं येणार. तू मांजराला शब्द दिला होतास, निम्मं झालं तर राहीन. निम्मं काही झालं नाही. काल संध्याकाळी तू फोनवर मुनीरशी बोलत होतीस, मी ऐकायला गेलो नाही, दार लावून घेतलं. तू गेलीस तर ह्या घरात मला चिडायला कुणी उरणार नाही. काल तू भाऊ म्हणालीस तेव्हा मला एवढा आनंद झाला होता की मी सलगमसुद्धा खाल्लं असतं, आणि त्याच शब्दानं घर हातचं गेलं.

जाणार असलीस तर मला मांजराकडून कळवू नकोस.

अब्सलाम


शनिवार, १ मार्च

रहिमो,

ही टोपली शेवटची. तोंडावर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लिहितो. मग टोपलीत मी पुदिना लावणार आहे.

काल दलाल त्या फ्रेंच बाईला घेऊन आला तेव्हा मी वर शिवत होतो. म्हणजे सुईत दोरा ओवत होतो, आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता. बाईनं अंगण बघितलं, फरशा बघितल्या, कारंजं कुठे बसेल ते पावलांनी मोजलं. मग दलाल म्हणाला, "आणि वरचा मजला, तुमच्या भावाचा. त्याचं मी बघतो, म्हाताऱ्याला पटवू."

मग तुझा आवाज आला. अगदी तोच आवाज, हाजी बतूलच्या वेळचा.

"भाऊ? कोण भाऊ? वर भाडेकरू आहे."

"भाडेकरू? तुम्ही तर भाऊ म्हणाला होता."

"भाऊ असता तर पटला असता. हा भाडेकरू आहे, बांच्या काळातला. भाडं वाढवत नाही, जागा सोडत नाही. कोर्टानंसुद्धा हात टेकले. जरा विचित्र आहे."

दलालानं बाईच्या कानात सांगितलं. बाईनं वर बघितलं. मी भोकातून खाली वाकलो आणि जमेल तेवढा विचित्र दिसलो.

"किती वर्षं राहील अजून?" बाईनं विचारायला लावलं.

"त्यांच्यात सगळे नव्वदीच्या पुढे जातात," तू म्हणालीस. "आणि नंतर त्याचं मांजर आहे."

ते गेले. चहासुद्धा घेतला नाही. दलालाचा चेहरा बिल हातात पडल्यासारखा झाला होता. तू दार लावलंस आणि मांजर पायाशी असताना थेट वर तोंड करून म्हणालीस, "अझीझी, परवापासून रोजे. हरीऱ्याचं सूप खालीच होईल. भांडी तू घासायची. आणि ईदला गिझलान पोराला घेऊन येतेय, हाजी बतूलही येतायत. चांगली विजार घाल."

घालीन. पण हाजी बतूलना तू काय सांगणार आहेस ते आधी ठरव. मी त्यांच्यापुढे सळई घेऊन यायलाही तयार आहे.

आज नवं बिल आलं. रेघेच्या चांगलं पलीकडे, आणि थेंब अजून हसतोय. बांच्या नावानंच आलंय. त्या पोरीनं सांगितलेले कागद मी शोधून ठेवले आहेत. नाव कुणाचं लावायचं ते तू ठरव, तक्रारीच्या चिठ्ठ्या मात्र मीच घेईन, त्या काचेच्या दाराची आता मला सवय झाली आहे. बिल मी भरून टाकतो. तू नको म्हणू नकोस. इतकी वर्षं इथं राहिलो आणि कधी भाडं दिलं नाही.

संध्याकाळी चंद्र दिसला की येतो. वाटी मोठी ठेव.

तुझा जुना भाडेकरू,
अब्सलाम